स्टेशनरीचे नसते उद्योग

आमच्याकडे रीतसर टूलबॉक्स आहे. पक्कड आहे, पाना आहे, लहानमोठे स्क्रूड्रायव्हर आहेत, आणि तरी काही अडलं की घरातला जो तो माझ्या टेबलाच्या वरच्या खणाकडे येतो. गेल्या आठवड्यात नवरा कपाटाच्या बिजागरीशी तासभर झटत होता, स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजून गुळगुळीत झालेली, स्क्रूड्रायव्हर नुसताच गरागरा फिरतोय, चिडचिड वाढतेय, शेवटी आला आणि म्हणाला, "तुझ्या त्या भांडारात एखादा रुंद रबर बँड असेल ना गं?"

होता. चपटा, बोटभर रुंद. तो स्क्रूच्या डोक्यावर ताणून धरायचा, वरून स्क्रूड्रायव्हर घट्ट दाबायचा आणि एकदम हळू फिरवायचा. झिजलेल्या खाचेत रबर शिरतं आणि पकड मिळते. निघाला स्क्रू! आता खरं सांगायचं तर हे दर वेळी जमत नाही, माझा अनुभव साधारण निम्मा-निम्मा आहे, आणि गंजून जाम बसला असेल तर विसराच, रबर बँड फाटतो आणि आपण तोंडघशी पडतो. पण जमलं की घरात काय भाव मिळतो म्हणून सांगू.

तर आज या खणाबद्दलच लिहायचंय. आधीच सांगते, हे 'टाकाऊतून टिकाऊ' नाही. शाळेत त्या तासाला मी इतके पेनस्टँड केलेत की कानाला खडा लावलाय. आणि हल्ली ते व्हिडिओ असतात ना, पन्नास भन्नाट युक्त्या वगैरे, त्यातल्या पंचेचाळीस तरी अशा असतात की मूळ काम साध्या पद्धतीने केलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं. पेपर क्लिपा एकमेकींत ओवून पडदा कशाला करायचा? कोण पुसणार त्याची धूळ?

मला आवडतात त्या युक्त्या वेगळ्या. वस्तू कशासाठी विकत घेतली ते जरा विसरायचं आणि ती नेमकं करते काय एवढंच बघायचं. रबर बँड काय करतो, पकडतो. बाइंडर क्लिप, म्हणजे कागदांचा गठ्ठा धरणारी ती तारेच्या कानांची चिमटी, दाबून धरते आणि सोडत नाही. शिसपेन्सिल घसरते. स्टिकी नोट अर्धवट चिकटते. बस, एवढं डोक्यात असलं की पुढचं आपोआप सुचतं, व्हिडिओ बघायची गरज पडत नाही.

रबर बँडचं आलंच आहे तर संपवून टाकते. बरणीचं झाकण उघडत नसेल तर झाकणाच्या कडेला जाड रबर बँड गुंडाळा, हात सटकत नाही. जाड कापडातून सुई ओढताना ती बोटातून निसटते, तेव्हा रबर बँडचा तुकडा दुमडून सुई धरा, सुर्रकन येते. हँगरच्या दोन्ही टोकांना एकेक रबर बँड गुंडाळला की निसटते कपडे खाली पडत नाहीत. हे सगळं घर्षणच, दुसरं काही नाही.

पण एक ठिकाणी मी चांगलीच फसले. चांदीचे चमचे होते सहा, कपाटात खडखड करायचे म्हणून रबर बँड लावून ठेवून दिले आणि विसरले. वर्षाने काढले तर प्रत्येक दांड्यावर बरोब्बर रबर बँडच्या रुंदीचा काळा पट्टा! रबर पक्कं आणि लवचिक व्हावं म्हणून त्यात गंधक घालून तापवतात, चार्ल्स गुडइयरने या पद्धतीचं पेटंट 1844 मध्ये घेतलं, आणि लगेच 1845 मध्ये लंडनच्या स्टीफन पेरीने रबर बँडचं घेतलं. म्हणजे त्या इवल्याशा बँडच्या पोटात गंधक असतंच, आणि चांदीचं नि गंधकाचं तर तुम्हाला माहितीच आहे, काळी पडायला निमित्तच लागतं. घासून घासून गेले डाग, पण दोन चमच्यांवर अजून बारीक सावली दिसते. चार्जरच्या वायरींनासुद्धा कायमचे रबर बँड लावू नका. ते वाळून तुटतात किंवा चिकट होऊन वायरीलाच लपेटून बसतात, आणि मग ते खरवडताना आपण स्वतःलाच शिव्या घालतो.

वायरींसाठी बाइंडर क्लिप. ही माझी सगळ्यात लाडकी वस्तू आहे, एक वेळ पेन नसलं तरी चालेल. टेबलाच्या कडेला लावायची, तिच्या तारेच्या कानातून चार्जरची वायर ओवायची, वायरीचं डोकं कानापेक्षा मोठं असतं म्हणून ती घसरून टेबलामागे जात नाही. डोकं आत जाणार कसं असं विचाराल, तर तो कान बाजूने चिमटीत दाबला की क्लिपमधून निघून येतो, वायर अडकवून परत बसवायचा. बऱ्याच लोकांना माहितीच नसतं की हे कान निघतात! माझ्या टेबलाला अशा चार क्लिपा आहेत. त्याआधी मी दिवसातून दोनदा टेबलाखाली रांगत जायचे.

प्रवासात तर चार-पाच क्लिपा बॅगेत हव्यातच. लॉजच्या खोलीत पडदे कधीच नीट जुळत नाहीत, मधे एक फट राहते आणि पहाटे नेमकं त्याच फटीतून ऊन डोळ्यावर येतं. दोन पडदे, एक क्लिप, झोपा निवांत. रेझरच्या पात्याला छोटी क्लिप लावली की बॅगेत हात घालताना बोट कापत नाही. टूथपेस्टची ट्यूब खालून गुंडाळत आणून क्लिप लावली की शेवटचा थेंबही निघतो. ही क्लिप निघाली कशी तेही मजेशीर आहे. वॉशिंग्टनच्या लुई बाल्ट्झलीचे वडील लेखक होते आणि तेव्हा हस्तलिखिताचे कागद भोकं पाडून दोऱ्याने शिवायचे, मधलं एक पान बदलायचं म्हटलं की सगळं उसवा आणि परत शिवा. मुलाने वडिलांची ही कटकट बघून क्लिप केली, 1915 मध्ये पेटंट मिळालं. शंभर वर्षं उलटली तरी तिचा आकार जवळपास तसाच आहे, बदलण्यासारखं काही राहिलंच नाही त्यात.

आता शिसपेन्सिल. नावात शिसं आहे, पेन्सिलीत नाही! आत असतं ते ग्रॅफाइट आणि माती. ही मिसळण्याची रीत कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने 1795 च्या सुमारास काढली, माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त घातलं की मऊ आणि काळी. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे थरावर थर, आणि ते थर एकमेकांवरून सहज घसरतात. कागदावर रेघ उमटते ती त्यामुळेच, एकेक पापुद्रा मागे राहत जातो. आणि जे कागदावर घसरतं ते कुलपातही घसरतं.

आमच्या गॅलरीच्या दाराचं कुलूप किल्ली आत घेईना, घेतली तर सोडेना. सासूबाई म्हणाल्या तेल घाल. मागच्या वेळी तेलच घातलं होतं, दोन महिने लोण्यासारखं चाललं आणि मग त्याच तेलात धूळ बसून आत गाळ झाला. या वेळी मी 6बी पेन्सिल घेतली (एचबी नको, तिच्यात माती जास्त) आणि किल्लीच्या दोन्ही बाजू, खाचा, दाते सगळं घासून घासून काळंभोर चकचकीत केलं. मग किल्ली आत-बाहेर, आत-बाहेर, दहा-बारा वेळा. पुसली, परत घासली, परत आत-बाहेर. तिसऱ्या फेरीला कुलूप असं फिरलं की सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं, पण बोटं बघ आधी, भिंतीला हात लावू नकोस." लावलाच होता तोवर. धातूची चेन अडत असेल तरी हेच करायचं, दात्यांवरून पेन्सिल फिरवायची, फक्त पांढऱ्या कपड्यावर नको. तिथे मेणबत्ती घासा.

भिंतीवरचा तो डाग खोडरबराने गेला. खोडरबर हा तर साफसफाईचा छुपा रुस्तम आहे. पांढऱ्या बुटांच्या कडेवरचे काळे ओरखडे, स्विचबोर्डभोवतीचे बोटांचे डाग, रिमोटच्या सेलजवळची काळवंडलेली पत्री, सगळं नुसतं घासायचं. (रिमोटचे सेल आधी काढा आणि नंतर खोडरबराचा चुरा झटकून टाका, नाहीतर तोच मधे येतो.) फोटोफ्रेम सारखी तिरकी होते ना, तिच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून खोडरबराची पातळ चकती चिकटवा, हलत नाही. डुगडुगणाऱ्या खुर्चीखालीही चकती चालते, पण ती महिन्या-दोन महिन्यांत चेपते, तेव्हा कायमचा इलाज समजू नका.

आणि एक लहानपणीचं कोडं सुटलं मला फार उशिरा. कंपासपेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी शेजारी ठेवली की काही दिवसांनी दोघं चिकटायचे, ओढून काढलं की पट्टीवर खड्डा आणि पट्टीचे आकडे उलटे होऊन खोडरबरावर! आम्हाला वाटायचं उन्हाने वितळलं. तर पांढरे खोडरबर बरेचदा पीव्हीसीचे असतात, ते मऊ राहावेत म्हणून त्यात एक तेलकट पदार्थ घालतात, तो हळूहळू शेजारच्या प्लास्टिकमध्ये मुरतो आणि त्यालाही मऊ करतो. खोडरबराला कागदी कपडे असतात ते त्यासाठीसुद्धा. आपण पहिल्याच दिवशी ते फाडून टाकायचो. त्यामुळे खोडरबराच्या चकत्या रंगवलेल्या किंवा प्लास्टिकच्या वस्तूला लावताना मधे कागद ठेवा.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगते आणि लोक कंटाळतात. साध्या ए-4 कागदाचं वजन 5 ग्रॅम असतं. अंदाजे वगैरे नाही, हिशेबाने. ए-0 कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो निम्मा केला की ए-1, परत निम्मा ए-2, असं करत ए-4 येतो तेव्हा मूळ कागदाचा सोळावा भाग झालेला असतो. रिमच्या पाकिटावर 80 जीएसएम लिहिलेलं असतं ते एका चौरस मीटरचं वजन, 80 ग्रॅम. 80 भागिले 16, पाच! म्हणजे घरात कागदाची रिम आहे त्याच्याकडे पाच-पाच ग्रॅमची 500 वजनं आहेत.

याचा उपयोग काय म्हणता? मी विणकाम करते, आणि उरलेल्या लोकरीच्या गुंड्यात टोपी होईल की नाही हा प्रश्न वजनावरच सुटतो. टोपीला हवी होती 25 ग्रॅम. वजनकाट्याचा सेल संपलेला, रात्रीचे साडेदहा. मग 30 सेंटिमीटरची पट्टी घेतली आणि षटकोनी पेन्सिलीवर आडवी ठेवली (गोल पेन नको, लोळतं). आधी रिकामी पट्टी सरकवून सरकवून तोलली, कारण ती बरोब्बर 15 वर तोलली जाईलच असं नाही, माझी जरा पुढे तोलली गेली. मग त्या बिंदूपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, मी 10 सेंटिमीटर घेतलं, पेन्सिलीने खुणा केल्या. एका खुणेवर गुंडा, दुसऱ्या खुणेवर कागद, प्रत्येक कागद चौकोनी घडी करून, घडीचा मध्य खुणेवर. चार कागद ठेवले, गुंडा ढिम्म. पाचवा ठेवला, पट्टी जरा उसासा टाकल्यासारखी हलली पण गुंडा खालीच. सहावा ठेवला आणि कागदाची बाजू टक्कन टेबलाला लागली. म्हणजे 25 च्या वर आणि 30 च्या खाली. टोपी घातली सुयांवर. दुसऱ्या दिवशी नवीन सेल टाकून विणकामासकट सगळं वजन केलं, 27 ग्रॅम! नवरा म्हणाला, "सेल आणायला मी खाली गेलो असतो की गं." मुद्दा तो नाहीये ना पण.

त्याच कागदाची मापंसुद्धा लक्षात ठेवण्यासारखी आहेत, 210 बाय 297 मिलिमीटर. लांब बाजू म्हणजे 30 सेंटिमीटरला जेमतेम 3 मिलिमीटर कमी, त्यामुळे मेजर टेप जवळ नसताना कपाट या भिंतीला मावेल का हे मी चार कागद टोकाला टोक लावून बघते. कपाट मावलं, दार उघडेना, पण तो कागदाचा दोष नव्हता.

स्टिकी नोटबद्दल दोनच गोष्टी. एक, ती खालून वर अशी सोलू नका, बाजूने सोला, म्हणजे कागद वळत नाही आणि भिंतीवर सपाट बसते, पडायचं प्रमाण खूपच कमी होतं. दोन, भिंतीला ड्रिल करायचं असेल तर भोकाच्या बरोबर खाली एक नोट चिकटवून तिची खालची बाजू दुमडून छोटी पन्हाळी करा, सगळी पूड त्यात पडते. हा गोंद मुळात फसलेलाच होता, 3एम या अमेरिकन कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरला 1968 मध्ये कडक गोंद करायचा होता आणि झाला हा लेचापेचा. तो कशाला वापरायचा हे 1974 मध्ये आर्ट फ्राय या सहकाऱ्याला सुचलं, कारण त्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या पडायच्या. दुकानात देशभर यायला 1980 उजाडलं. कीबोर्डच्या बटणांमधली धूळ काढायला त्या गोंदाची कड मस्त चालते.

डब्यांवर आणि खोक्यांवर नावं लिहायला मात्र स्टिकी नोट नको, मास्किंग टेप. हाताने फाटते, पेनाने लिहिता येतं आणि माग न ठेवता निघते, अर्थात उन्हात महिनोन्महिने ठेवली नाही तर. ती गाड्या रंगवणाऱ्यांसाठीच केली होती 1925 मध्ये, एका रंगाची कड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, त्यामुळे सहज निघणं हेच तिचं काम. सेलोटेप उलट, ती निघता निघत नाही आणि तिचं टोक तर सापडतच नाही. टोकाखाली एक पेपर क्लिप अडकवून ठेवा, नखं वाचतील.

व्हाइटबोर्डवर चुकून परमनंट मार्करने लिहिलंत तर घाबरू नका. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. त्याच्या शाईतला द्रावक खालची शाई सोडवतो. माझी एक मीटिंग वाचलीय यामुळे. आणि स्टेपलरच्या खालच्या त्या छोट्या धातूच्या पट्टीकडे कधी बघितलंय का? बऱ्याच स्टेपलरमध्ये ती फिरवता येते. फिरवली की पिनेचे पाय आत वळायच्या ऐवजी बाहेर वळतात आणि अशी पिन बोटाने ओढली की अलगद निघते. शिवायच्या आधी कागदी कटिंग कापडाला तात्पुरतं लावायला मी तेच वापरते. पंधरा वर्षं स्टेपलर हातात होता आणि मला हे कळलं चुकून पट्टी फिरली तेव्हा, दिवसभर वाटत होतं स्टेपलर बिघडला.

शेवटी माझा पराक्रम. खोडता येणारं जेल पेन असतं बघा, मागच्या रबराने घासलं की शाई गायब होते. मी बहिणीला मोठं पत्र लिहीत होते, तिच्याशी जरा बिनसलं होतं म्हणून आधी वहीत कच्चं, लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. दोन पानं झाली, आणि पाण्याचा ग्लास सांडला. पानं पंख्याखाली वाळवली पण पार चुरगळली. म्हटलं हलकी इस्त्री फिरवू. फिरवली. एका फटक्यात अर्धं पान पांढरंशुभ्र, जणू मी काही लिहिलंच नव्हतं! ती शाई खोडली जात नाही हो, घासल्याने जी उष्णता होते त्याने तिचा रंग जातो, साधारण 60 अंशाच्या वर गेलं की बिनरंगी. इस्त्रीने तर काय, सगळंच.

मग वाचलं की उलटही होतं, शून्याच्या बऱ्याच खाली थंड केलं की रंग परत येतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी काढली तर खरंच, अक्षरं परत! जरा फिकी, पण सगळी. सगळी म्हणजे सगळीच, मी खोडलेलीसुद्धा. एका ओळीवर दुसरी ओळ, रागाच्या भरात लिहिलेलं खाली आणि नंतरचं गोडगोड वर. (तेव्हा सही, फॉर्म, महत्त्वाचे कागद यांना हे पेन लावूच नका.) वाचायला अर्धा तास लागला. पहिल्यांदा जे लिहून खोडलं होतं, "तू फोन केला नाहीस याचा मला राग आला", ते साधं सरळ वाक्य, आणि त्यावर मी लिहिलेल्या त्या सहा ओळींत मला नेमकं काय म्हणायचं होतं ते मलाच कळेना.

पहिलंच पाठवलं. या वेळी साध्या बॉलपेनने लिहून. वही परत फ्रीझरमध्ये ठेवली ती अजून तिथेच आहे, काढायचं राहून गेलंय, पिशवीच्या तोंडाला बाइंडर क्लिप आहे.